घरातला सरळ माणूस

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका सर, पण आमच्या घरातून सिस्टरांना एकही मत गेलं नाही," ती मुलगी म्हणाली, आणि कडेवरच्या पोराच्या तोंडातून तिने लाँड्रीची पावती ओढून काढली. पावतीचा कोपरा लाळेने विरघळला होता. मुलगी त्याची जुनी विद्यार्थिनी, आणि सिस्टर म्हणजे त्याची बायको. नकाशात नद्या काढायला सांगितल्या की समुद्राकडून डोंगराकडे वाहायला लावायची, आणि वर विचारायची, सर, दिसायला तर सारखंच दिसतं ना? आता अंगाने भरली होती, केस आखूड कापले होते, पण बोलताना मान एका बाजूला टाकायची सवय तीच होती. तो म्हणाला, "अगं, मत ज्याचं त्याचं असतं." हे वाक्य तो दोन दिवस सगळ्यांना म्हणत होता. इतर लोक त्यावर मान हलवून निघून जायचे. ही थांबली. तिला मनापासून काही समजावून सांगायचं होतं. "तसं नाही सर. सिस्टर चांगल्याच आहेत. हा पठ्ठ्या पायाळू जन्माला आला, दवाखाना चालू नसता तर पुलापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघंही राहिलो नसतो, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. पण सिस्टरांनी नगरपालिकेत त्या कंत्राटदारासाठी हात वर केला ना? मग आमचे सासरे म्हणाले, सिस्टरसुद्धा शेवटी त्याच्याच दारात जाते, तर मधे सिस्टर कशाला हवी? द्यायचं तर सरळ त्यालाच देऊ. मलाही पटलं ते." तिने मान एका बाजूला टाकली. "रागावलात का?" तो म्हणाला, "छे." पोराने त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्यासारखं केलं. ती हसली, कपडे उचलले आणि गेली, आणि तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला, इतका वेळ की इस्त्रीवाल्याने विचारलं, "सर, तुमचेच कपडे आहेत ना हे?"

रस्त्यावर आल्यावर त्याला जाणवलं की आपल्याला राग आलेला नाही, आणि त्यामुळे तो आणखी अस्वस्थ झाला. राग आला असता तर बरं झालं असतं. त्या मुलीच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती. भूमितीच्या सिद्धतेसारखं ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उतरत गेलं होतं. काखेत कागदात गुंडाळलेले कपडे होते, अजून इस्त्रीने गरम, आणि ती ऊब बरगड्यांना लागत होती. आजारी माणसाला आधार देऊन नेताना लागते तशी. कपडे बायकोचे होते, सभेला घालायचे. निवडणुकीच्या आधी टाकलेले. त्या गडबडीत आणायचे राहिले होते. आता ते कुठे घालून जाणार, हा विचार मनात आला आणि त्याने पावलं उगाचच हळू केली. घर जवळ होतं. शाळेला सुट्टी होती, कारण मतमोजणी शाळेतच झाली होती आणि टेबलं अजून हलवायची होती. उन्हात भिंतींवरचे प्रचाराचे कागद सुटायला लागले होते. बायकोचा चेहरा दिसू नये म्हणून तो खाली बघत चालला, आणि खाली बघत चाललो आहोत हे लोकांना दिसू नये म्हणून मधूनच वर बघत होता.

तिला सगळा भाग सिस्टर म्हणायचा. लग्नाआधीपासून ती त्या प्रसूतिगृहात होती, आधी साधी परिचारिका, मग मुख्य. इमारत बुटकी, पिवळट. दारात नेहमी कुणीतरी नवरा किंवा सासरा येरझाऱ्या घालत असलेला. ती घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला औषधी साबणाचा वास असायचा, आणि पहिल्या वर्षी त्याला तो इतका आवडायचा की ती न्हायला निघाली की तो तिला अडवायचा. राजकारणाचं तिला वावडं होतं. पेपर ती मागून वाचायची, म्हणजे हवामान, मृत्यू, कोडं, आणि तिथेच थांबायची. माणसांबद्दल तिचं मत साधं होतं: कळा सुरू झाल्या की सगळ्या सारख्याच ओरडतात, आणि पोर हातात आलं की सगळ्या सारख्याच विसरतात. ह्यावरून तो तिच्याशी वाद घालायचा. तो भूगोल शिकवायचा, पण त्याचा खरा विषय माणूस होता, असं त्याला वाटायचं. माणसाला एकदा नीट समजावून सांगितलं की तो चांगलंच निवडतो. वाईट निवडतो तेव्हा त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. ती कपडे वाळत घालता घालता म्हणायची, "मास्तर, तुझ्या वर्गात पोरं गप्प बसतात म्हणून तुला असं वाटतं."

मग त्या भागातली एक राहती इमारत पडली. दुपारची वेळ होती, त्यामुळे घरात म्हातारी माणसं आणि सुट्टीवरची माणसं. शाळेतला चित्रकलेचा मास्तर तापाने घरी राहिला होता, तिसऱ्या मजल्यावर. तो त्याचा एकुलता एक मित्र, म्हणजे ज्याच्याजवळ बसून बोललं नाही तरी चालतं असा. मित्राची बायको औषध आणायला खाली उतरली होती. दुकानात उभी असताना तिने आवाज ऐकला आणि तिला वाटलं, कुणीतरी वाळूचा ट्रक रिकामा केला. वाळूच जास्त होती त्या इमारतीत, असं पुढे चौकशीत निघालं. बांधणारा कंत्राटदार नगरपालिकेत एका गटाचा पुढारी होता. चौकशीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिसऱ्या टेबलावर म्हातारा झाला. मित्र त्यात गेला. रविवारी त्याची बायको, वहिनी, त्यांच्याकडे जेवायला यायच्या आणि ताटासमोर नुसत्या बसायच्या. तो त्यांना वहिनी म्हणायचा, त्या त्याला भाऊजी. शाळेने त्यांना ग्रंथालयात नोकरी दिली होती. अशाच एका रविवारी, वहिनी गेल्यावर, तो बायकोला म्हणाला, "तू उभी राहा." ती म्हणाली, "वेड लागलंय का?" तो म्हणाला, "ह्या भागातली अर्धी पोरं तुझ्या हातात जन्मली. तू नुसतं खरं बोल. लोक आपणहून येतील." ती म्हणाली, "तू का नाही उभा राहत?" आणि तो म्हणाला की मला कोण ओळखतं. हे उत्तर बरोबर होतं. पण आज, गरम कपडे काखेत घेऊन चालताना, ते उत्तर देताना आपल्याला किती हलकं वाटलं होतं ते त्याला आठवलं.

आणि लोक खरंच आले. तेच तर. आज कुणी म्हणेल की तू मूर्ख होतास, तर तो दाखवू शकत होता की लोक आले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने पत्रकं लिहिली होती, साधी, एकही विशेषण नसलेली. 'ज्याने ती इमारत बांधली त्याच्या बाजूने मी कधीही उभी राहणार नाही.' हे वाक्य त्याचं. बायको ते वाचून म्हणाली होती, "कधीही हा शब्द काढ. बाळंतपणात आम्ही तो वापरत नाही." त्याने काढला नाही. ती दारोदार गेली, तो मागे पिशवी घेऊन; बायका तिला आत बोलवायच्या, पोरं दाखवायच्या, हा तुमचा, ही तुमची, जणू सगळी तिनेच जन्माला घातली होती. ती निवडून आली त्या संध्याकाळी गल्लीतल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तिला घेता येईना म्हणून. वरून दिसणारे ते वर वळलेले चेहरे, दात, घाम, डोळे. त्याला तेव्हा रडू आलं होतं. माणूस असा आहे, त्याला वाटलं होतं, पाहा, हा असा आहे. आता तो विचार करू लागला की तेच चेहरे ह्या वेळीही मतदानाच्या रांगेत उभे होते. चेहरे बदलले नव्हते, हे पचत नव्हतं. ते काल चांगले आणि आज वाईट झाले असते तर त्याला समजलं असतं. पण लाँड्रीतली ती मुलगी दोन्ही दिवशी तीच होती, मान एका बाजूला टाकून, मनापासून, तीच.

कंत्राटदार घरी आला तो दिवस त्याला आवाजांमधूनच आठवायचा, कारण तो आतल्या खोलीत पेपर तपासत बसला होता आणि बाहेर आलाच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एक मऊ, थोडा दमलेला आवाज. "सर आत आहेत का? त्यांनाही बोलवा, लपवण्यासारखं काही नाही." बायको म्हणाली, "ते कामात आहेत." कंत्राटदार म्हणाला, "बरं. सिस्टर, मला एक मत कमी पडतंय. नगराध्यक्षाची खुर्ची मला हवी आहे. तुमचा दवाखाना बंद करायचा ठराव तयार आहे, तो माझ्याच लोकांनी केलाय, ते मी नाकारत नाही. मी बसलो तर तो ठराव येणार नाही. तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणता ते म्हणत राहा. नुसता एकदा हात वर करा." मग तोच आवाज, खाली उतरलेला: "ती इमारत मला रोज आठवते असं म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. म्हणून म्हणत नाही." चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. चहा तिने दिला होता तर, त्याला वाटलं. हातातल्या पेपरावर कुणीतरी लिहिलं होतं की वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. त्याने त्याला बरोबरची खूण केली आणि पुन्हा केली.

कंत्राटदार गेल्यावर ती आत आली. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "ऐकलंस?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, "मग सांग." तेव्हा तिने त्याला पुलाबद्दल सांगितलं, जे तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं. दुरुस्तीसाठी दवाखाना काही महिने बंद होता तेव्हाची गोष्ट. एका अडलेल्या बाईला पलीकडच्या इस्पितळात नेत ती गाडीत बसली होती, पुलावर गाड्या अडकल्या होत्या, आणि पुढच्या गाडीतला माणूस खिडकीतून हात बाहेर काढून शेंगा सोलत होता. टरफलं खाली पाण्यात पडत होती. बाई आधी खूप ओरडली आणि मग ओरडायची थांबली. "तो शेंगा सोलत होता," ती म्हणाली, "आणि त्याची काही चूक नव्हती. मला त्या पुलावर परत कुणाला घेऊन जायचं नाही. पण वहिनींच्या डोळ्यांकडे बघायचं कसं, तेही मला कळत नाही. तू सांग, तू म्हणशील ते मी करीन." तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू ठरव. मी तुझ्यावर काही लादणार नाही." त्या क्षणी त्याला स्वतःबद्दल चांगलं वाटलं होतं. किती नवरे असं म्हणतात? तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते कळायला त्याला फार वेळ लागला. आडात उतरलेल्या माणसाने वर बघून दोर मागावा आणि वरच्याने म्हणावं, तुझा निर्णय तू घे, मी तुझ्या स्वातंत्र्याच्या आड येणार नाही.

हात वर करायचा होता त्या दिवशी तो सभागृहात गेला नाही. त्याचे तास होते. वहिनी रजा टाकून गेल्या. प्रेक्षकांच्या बाकावर पुढेच बसल्या होत्या, असं त्याला नंतर कळलं. तो वर्गात त्रिभुज प्रदेश शिकवत होता. नदी समुद्राजवळ येते तेव्हा तिचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की तिने इतका वेळ वाहून आणलेला गाळ तिच्याच वाटेत साचतो. मधल्या सुट्टीत विज्ञानाचे सर शिक्षकांच्या खोलीत म्हणत होते, "हात दाखवून अवलक्षण ह्याचा अर्थ पोरांना आता उदाहरणासह सांगता येईल." तो आत आला तसे सगळे चहाच्या कपात बघायला लागले. विज्ञानाचे सर दुष्ट नव्हते. त्यांनी लगेच त्याला स्वतःच्या डब्यातलं काहीतरी पुढे केलं, आणि त्यानेही खाल्लं. घरी आला तेव्हा ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तोंड थोडं उघडं, एक बूट पायात आणि एक हातात. त्याला वाटलं, जवळ जावं, तो बूट काढून घ्यावा. पण बूट काढून घेणं म्हणजे काहीतरी मान्य केल्यासारखं होईल असंही वाटलं, आणि तो दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेला. तो तिला कधी बोलला नाही. एक शब्द नाही. लोक म्हणायचे, नवरा देवमाणूस आहे.

वहिनींनी रविवारी यायचं बंद केलं. काही दिवसांनी तो ग्रंथालयात गेला. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. तो म्हणाला, "वहिनी, मी माफी मागायला आलोय." त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाची मागता, भाऊजी? हात तुम्ही थोडाच वर केला." त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्यांनी शिक्का खाली ठेवला. "एक बोलू का? तिचा मला राग येतो. रोज येतो. पण तो मला पेलतो, कारण तिने काय केलं ते मी समोर बसून पाहिलं. हात वर करताना ती माझ्याकडे बघत होती, तोंड चुकवलं नाही तिने. तुमचा मात्र राग येत नाही. का येत नाही, त्याचा विचार करतेय." मग त्यांनी पुढचं पुस्तक ओढलं. "उन्हाचे जाऊ नका, जरा बसा हवं तर," त्या म्हणाल्या. पण तो बसला नाही.

दवाखाना चालू राहिला. कंत्राटदाराने शब्द पाळला, ही आणखी एक गोष्ट जी त्याला कुठे ठेवावी ते कळेना. दिलेला शब्द मोडणारा माणूस त्याला समजला असता. तिकडे पायाळू पोरं, आडवी पोरं, जुळी पोरं जन्मत राहिली, पूल ओलांडावा लागला नाही. आणि घरात एक सभ्य, धुतलेली शांतता आली. ती सभांहून यायची, कुठे काय देऊन काय मिळवलं ते सांगायला सुरुवात करायची, दिव्यांचे खांब, नळ, एका विधवेची खोली, आणि मधेच थांबायची. तो ऐकत असायचा, चेहरा मोकळा ठेवून. एकदा ती म्हणाली, "तू ओरड ना माझ्यावर." तो म्हणाला, "कशासाठी?" ती हसली. "बरोबर. घरात एक तरी सरळ माणूस असावा." त्याला ते तेव्हा टोमण्यासारखं लागलं होतं.

ह्या निवडणुकीत तो तिच्याबरोबर दारोदार गेला नाही. घसा बसलाय म्हणाला, आणि घसा खरंच बसला. अपक्ष म्हणून एक तरुण वकील उभा होता. हडकुळा, डोळ्यांखाली काळं, सायकलवरून फिरणारा. त्याचं पत्रक त्यांच्याही दारात पडलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. वाचताना त्याला असं वाटलं की आपलंच जुनं अक्षर कुणीतरी छापून आणलंय. आणि कुठेतरी खोल, जिथे लाज आणि आनंद एकमेकांना लागून राहतात तिथे, काहीतरी हललं. पत्रक बायकोनेही पाहिलं. "चांगला पोरगा आहे," ती म्हणाली. "तुला आवडेल." मत कुणाला द्यायचं हे त्या क्षणी त्याच्या मनात ठरून गेलं होतं, आणि तिलाही ते कळलं होतं, असं त्याला वाटलं.

मतदान त्याच्याच वर्गात होतं. बाकं भिंतीला लावली होती. जगाच्या नकाशावर कुणीतरी वर्तमानपत्र चिकटवून ठेवलं होतं, का ते देव जाणे, आणि फळ्यावर त्याने ह्याही वर्षी काढलेला त्रिभुज प्रदेश अर्धवट पुसलेला होता. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो शिक्का घेऊन उभा राहिला. वकिलाचं चिन्ह वरती होतं, तिचं खाली. हात वरती गेला. इथे कुणी बघत नाही, त्याला वाटलं, इथे तरी मी जसा आहे तसा आहे. आणि त्याच क्षणी त्याला तो बूट दिसला. तिच्या हातातला, उलटा धरलेला, टाचेशी एका बाजूने झिजलेला. इतकी वर्षं ती चालत होती आणि आपण तिच्या मागे पिशवी घेऊनसुद्धा आता चालत नव्हतो. ती चूक होती की बरोबर, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. वहिनींचा चेहरा समोर आला तेव्हा ती चूक होती. पुलावर पडणारी टरफलं आठवली तेव्हा ती बरोबर होती. दोन्हींमध्ये त्याने इतके दिवस एकच गोष्ट सांभाळली होती, स्वतःला. आता वकिलाला मत देणं हेही तेच झालं असतं, त्याला वाटलं, आणखी एकदा दार लावून आत पेपर तपासत बसणं. बाहेर कुणीतरी खाकरलं. त्याने तिच्या नावापुढे शिक्का मारला, जोरात, इतका की शाई पसरली. तशीच घडी घालून त्याने मतपत्रिका पेटीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने असं काही केलं होतं जे त्याला स्वतःला पटवून देता येत नव्हतं, आणि ते करून त्याला बरं वाटत नव्हतं, फक्त तिच्या जवळ गेल्यासारखं वाटत होतं.

ती पडली. मोठ्या फरकाने पडली. वकील त्याहून मागे. कंत्राटदाराच्या गटाला आता कुणाच्या एका मताची गरज राहिली नव्हती, आणि दवाखान्याच्या जागेची मोजणी करायला माणसं निकालाच्या दुसऱ्याच दिवशी येऊन गेली होती.

तो घरात शिरला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून अंडी सोलत होती. खिडकीतून ऊन तिच्या हातांवर पडत होतं. "किती वेळ लावलास," ती म्हणाली. "कोण भेटलं?" त्याने कपडे खुर्चीवर ठेवले. सांगू नये असं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण तिने नुसतं पाहिलं आणि तो सगळं बोलून गेला: ती मुलगी, ते पोर, सरळ त्यालाच देऊ. ती ऐकत राहिली. अंड्याचं टरफल चिकटून बसलं होतं, ते नखाने काढत म्हणाली, "सासरे बोलले असतील. चांगला हिशोबी माणूस आहे. मला दारात हेच ऐकायला मिळालं सगळीकडे, फक्त इतकं नीट कुणी सांगितलं नाही." मग थोड्या वेळाने, "पोर कसं आहे?" तो म्हणाला, "गुटगुटीत." ती म्हणाली, "पाय आधी आले होते त्याचे. डॉक्टरीण घाबरली होती. उभं राहण्यासाठी मी नोकरी सोडली होती, तरी बाहेर बसून राहिले होते." तिच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता, तो असता तर त्याला बोलावं लागलं नसतं. पण ते कोरडे, शांत शब्द ऐकून त्याला वाटलं की आता हिला एकटं सोडता येणार नाही, निदान ही एक गोष्ट तरी हिच्या हातात ठेवली पाहिजे.

"मी तुला दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"मत. तुलाच दिलं."

तिने अंडं बशीत ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, रोग्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघावी तसं. "असं कशाला बोलतोस?" ती म्हणाली.

"खरं सांगतोय."

"तुला खोटं बोलता येत नाही, मास्तर. कान लाल झालेत तुझे."

कान तापले होते, ते त्यालाही जाणवत होतं. तो म्हणाला, "शपथ घेऊ का?" आणि म्हणताना त्याच्या लक्षात आलं की दाखवायला काहीही नाही. पेटीत सगळ्या घड्या सारख्याच. तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. इमारत पडली तेव्हा ती दोन दिवस ढिगाऱ्यावर उभी होती आणि रडली नव्हती, हात वर केला तेव्हा नाही, परवा निकाल लागला तेव्हाही नाही. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही, कारण हात अंड्याने चिकट झाले होते.

"ह्याचीच मला भीती होती," ती म्हणाली. "मी बाहेर काय काय करून यायचे. ह्याच्याशी गोड बोल, त्याला गप्प बसव, एक सोड, एक घे. दारात आले की वाटायचं, आत एक माणूस आहे जो मला मत देणार नाही. राग यायचा तुझा. कधी कधी वाटायचं, उठून तुझं ते पेपर तपासणं फाडून टाकावं. पण तू आहेस म्हणून मी किती लांब गेलेय ते मला दिसायचं. आता तूही माझ्या समाधानासाठी असं बोलायला लागलास, तर मी कुठून बघू?" ती खुर्चीवर बसली, कपड्यांच्या गठ्ठ्यावरच, आणि तिला ते कळलंही नाही. "मी पडले त्याचं काही नाही. माणसं तशीच असतात, मला माहीत होतं. पण तू तरी तसाच राहायला हवा होतास."

तो उभा होता. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, धप, धप. तिला समजावून सांगता आलं असतं. बूट, आडोसा, पसरलेली शाई. शांतपणे, पहिल्यापासून सांगितलं तर तिला पटलंही असतं कदाचित. माणसाला नीट समजावून सांगितलं की पटतं. पण पटल्यावर तिच्याजवळ काय उरणार होतं, ते त्याला आता स्पष्ट दिसलं. आणि तिच्या गालांवरून ओघळणारं ते पाणी त्याला बघवेना.

"नाही दिलं," तो म्हणाला. "त्या वकिलाला दिलं."

सतरंजीचा आवाज थांबला. तिने वर पाहिलं. त्याचे कान थंडगार होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला, आणि तिचे खांदे खाली आले. दंडाने डोळे पुसले. तिला लागलं होतं, ते दिसत होतं. पण जिथे लागायला हवं होतं तिथेच लागलं होतं, आणि त्या दुखण्याची तिला ओळख होती. "चांगला पोरगा आहे. पडला बिचारा." मग ती उठली, खुर्चीवरच्या चुरगळलेल्या कपड्यांकडे पाहून जीभ चावली, आणि टेबलाशी येऊन अंड्याचे दोन भाग केले. एक त्याच्यापुढे सरकवला. कितीतरी दिवसांनी ती भूक लागलेल्या माणसासारखी खात होती.

"बरं केलंस," खाता खाता ती म्हणाली. "निदान तुला पश्चात्ताप तर नाही ना?"

"नाही," तो म्हणाला. हेही खोटं होतं. पण पहिल्याइतकं ते त्याला जड गेलं नाही.